विश्वास आणि कृत्ये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, विचारले जातात, संडे स्कूलमध्ये विचारले जातात, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसानेही विचारले आहेत. कधी बाप्तिस्मा घेऊ पाहणारा तरुण असतो, कधी कॅथलिक घरात सून म्हणून गेलेली आमच्या मंडळीतली मुलगी, तर कधी "तुमच्यात कर्माला काही किंमतच नाही म्हणे" असं म्हणणारी हिंदू मैत्रीण. मी प्रोटेस्टंट मंडळीत वाढले, त्यामुळे उत्तरांमागची नजर तीच आहे. जिथे कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स शिकवण वेगळी आहे, तिथे ती त्यांना पटेल अशा शब्दांत मांडायचा प्रयत्न केला आहे.

तारण विश्वासाने होतं की कृत्यांनी?

तारण, म्हणजे पापापासून आणि त्याच्या शिक्षेपासून सुटका, देवाच्या कृपेने होतं. ती कृपा आपण विश्वासाने स्वीकारतो. आणि जिने ती खरोखर स्वीकारली तिचे हात रिकामे राहत नाहीत.

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ही सगळी गोष्ट सलग तीन वचनांत आली आहे. आठव्या वचनात तारण हे देवाचं दान आहे, नवव्यात ते कर्मांमुळे नाही म्हणजे कोणी बढाई मारू नये, आणि दहाव्यात आपण सत्कृत्यं करावीत म्हणूनच ख्रिस्तामध्ये घडवले गेलो आहोत. आमच्या संडे स्कूलच्या भिंतीवर एका पुठ्ठ्यावर निळ्या रंगाने यातली आठवी-नववी वचनं लिहिलेली होती. जागा संपली तिथे नववं वचन संपलं होतं. मुलं वर्षानुवर्षं तेवढंच पाठ करत होती, मीही लहानपणी तेवढंच केलं. शिकवायला लागल्यावर मी त्या पुठ्ठ्याखाली दुसरा पुठ्ठा चिकटवला आणि दहावं वचन लिहिलं. या विषयावरचे निम्मे गैरसमज त्या न लिहिलेल्या वचनातून आलेले आहेत, असं माझं मत आहे.

विश्वास म्हणजे "देव आहे" असं मानणं का?

नाही. देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं नव्या करारातला एक पत्रलेखक याकोब आपल्या पत्रात लिहितो. नुसतं मानणं एवढाच अर्थ असता तर भुतांचंही तारण झालं असतं.

मराठीत आपण विश्वास "ठेवतो" आणि विश्वास "टाकतो" असंही म्हणतो. मला हा दुसरा शब्दप्रयोग जास्त जवळचा वाटतो. विहिरीत उतरणारा माणूस दोर मजबूत आहे असं काठावर उभं राहून कितीही वेळा म्हणू शकतो. त्याने दोरावर अंगाचा भार टाकला की त्याचा विश्वास कळतो. नव्या करारातल्या "पिस्तिस" या ग्रीक शब्दात भरवसा आणि निष्ठा, दोन्ही अर्थ आहेत.

बायबलमधलं "कर्म" आणि आपण बोलतो ते "कर्माचं फळ" एकच का?

नाही, आणि मराठी वाचकाची इथे हमखास गल्लत होते. कर्मसिद्धांतात कर्म मागच्या जन्मातून पुढच्या जन्मात जातं, त्याचं फळ भोगल्याशिवाय सुटका नसते. नव्या करारातली अनेक पत्रं लिहिणारा प्रेषित पौल "कर्म" म्हणतो तेव्हा त्याच्यासमोर मोशेचं, म्हणजे यहूदी लोकांचं, नियमशास्त्र असतं : सुंता, खाण्यापिण्याचे नियम, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस पाळणं. आणि त्याही पुढे जाऊन, देवासमोर आपली बाजू उभी करण्यासाठी माणूस जे जे पुढे करतो ते सगळं.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्या प्रचलित मराठी भाषांतरात पौलाच्या पत्रांत "कर्मे" असा शब्द आहे आणि याकोबाच्या पत्रात "क्रिया". मूळ ग्रीकमध्ये दोघांचाही शब्द एकच आहे, "एर्गा". त्यामुळे मराठी वाचकाला हे दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात असं वाटू शकतं, आणि ग्रीक वाचणाऱ्याला ते एकमेकांना खोडून काढतात असं वाटू शकतं. खरं काय ते पुढच्या उत्तरात.

पौल म्हणतो कर्मांवाचून, याकोब म्हणतो क्रियांवाचून विश्वास निर्जीव. मग कोणाचं ऐकायचं?

दोघांचं. मात्र प्रत्येक जण कोणत्या प्रसंगी बोलतो आहे ते आधी पाहायला हवं.

पौलाचा प्रसंग गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. अंत्युखिया शहरात यहूदी आणि विदेशी, म्हणजे यहूदी नसलेले, विश्वासणारे एकत्र जेवत असत. येशूचा शिष्य पेत्रही त्यांच्यात बसत असे. यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसं आली आणि पेत्र हळूहळू त्या पंगतीतून मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं पाहून पौलाचा सहकारी बर्णबासारखा माणूसही वाहवला. आपल्याकडे याला सरळ पंगतीभेद म्हणतात. पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत तोंडावर विचारलं, आणि त्याच ओघात ते वाक्य आलं की मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, येशू ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवासमोर निर्दोष, ठरतो. म्हणजे ही शिकवण ताटावरून उठलेल्या माणसांमुळे लिहिली गेली. सुंता झालेली नाही म्हणून तू आमच्या पंगतीत नको, असं म्हणणाऱ्याला पौलाचं उत्तर होतं की देवाने त्याला आत घेतलं आहे, तू कोण अडवणारा?

आता याकोबाचा दुसरा अध्याय पाहा. तो कुठून सुरू होतो? सभेत सोन्याची अंगठी घातलेला, झगझगीत कपड्यांतला माणूस येतो आणि मळक्या कपड्यांतला गरीब येतो. श्रीमंताला चांगली जागा, गरिबाला "तू तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस." मग लगेच उघडा आणि उपाशी भाऊ येतो, ज्याला "सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा" असं म्हणून हातावर काहीच न देता पाठवलं जातं. अशा बोलघेवड्या विश्वासाने काय साधणार, असं याकोब विचारतो.

दोन्हीकडे प्रश्न कोण कुठे बसणार हाच आहे, आणि दोघंही एकाच बाजूला उभे आहेत. पौल लढतो तो धर्माचे नियम पाळून दुसऱ्याला बाहेर ठेवणाऱ्यांशी. याकोबाचं भांडण विश्वासाची भाषा बोलून दुसऱ्याला खाली बसवणाऱ्यांशी आहे. मला हे फार जवळचं वाटतं, कारण आपल्याकडच्या मंडळ्यांतही जात पूर्ण गेलेली नाही. सोयरीक जुळवताना "मूळचे कोण" हा प्रश्न अजून विचारला जातो. ते विचारणाऱ्याला पौलही माफ करणार नाही आणि याकोबही.

पण दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देऊन उलट निष्कर्ष काढतात, त्याचं काय?

दोघं यहूदी लोकांचा मूळपुरुष अब्राहाम याच्या आयुष्यातल्या वेगवेगळ्या दिवसांकडे बोट दाखवतात. उत्पत्तीच्या 15 व्या अध्यायात अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असं गणण्यात आलं. त्याची सुंता 17 व्या अध्यायात झाली. रोमकरांस पत्रात पौल हाच क्रम धरून बसतो : आधी स्वीकार, मग खूण. मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवण्याचा प्रसंग 22 व्या अध्यायातला, म्हणजे कितीतरी वर्षांनंतरचा. याकोब तो प्रसंग घेऊन म्हणतो की 15 व्या अध्यायातला विश्वास इथे पूर्णत्वाला गेला. पौलाला प्रवेशाचा दिवस दाखवायचा आहे, याकोबाला त्यानंतरचं आयुष्य.

बाप्तिस्मा घेतला, उपासनेला जातो, उपास करतो. एवढं पुरेसं नाही का?

या प्रश्नाला मी पंडिता रमाबाईंचं आयुष्य सांगते, कारण इतकं प्रामाणिक उत्तर मराठीत दुसऱ्या कोणी दिलेलं मला माहीत नाही.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर लहानपण तीर्थयात्रा आणि पुराणकथनात गेलं. दुष्काळात आईवडील गेले. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वॉन्टेज इथल्या भगिनीसंघात राहिल्या. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातल्या आपल्या एका घरात नेलं. समाजाने वाईट चालीच्या ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा दिला जाई. त्यातल्याच काही जणी बदलून आता इतरांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी असं काही आधी पाहिलंच नव्हतं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरात भगिनींनी योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. इथे क्रम लक्षात घ्या : आधी त्यांनी दुसऱ्यांची कृत्यं पाहिली, त्या कृत्यांमागे कोण आहे ते विचारलं, आणि मग विश्वासाच्या दारात आल्या.

पुढचा भाग आमच्या मंडळ्यांत कमी सांगितला जातो. बाप्तिस्म्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या, भाषणं दिली, पैसा उभा केला, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्या ख्रिस्तीपणात काय उणं दिसणार होतं? तरी 1907 च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे बाप्तिस्मा होता, प्रार्थना होती, विधवांची सेवाही होती, आणि तरीही त्या स्वतःला रिकाम्या हाताने उभ्या दिसल्या. त्यांनी आपलं सगळं ख्रिस्तावर सोपवलं तेव्हा त्यांना शांती मिळाली.

मग सेवा थांबली का? 1896–97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन परत आल्या. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावात त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास माणसं राहत होती. मुली विणकाम शिकत, छापखाना चालवत. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. 1922 मध्ये त्या वारल्या तोवर हे काम चालू होतं. ते तिथल्याच छापखान्यात मुलींच्या हातांनी छापलं गेलं.

शारदा सदन त्या अनुभवाच्या आधीचं आणि केडगाव नंतरचं. काम दोन्हीकडे जवळपास तेच : निराधार बायकांना घर, अन्न, शिक्षण. बाहेरून फरक दाखवता येणार नाही. रमाबाईंना मात्र तो आतून माहीत होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. तुमचा प्रश्न "पुरेसं आहे का" असा आहे. पुरेसं किती हे मोजायची गरज त्यांना उरली नव्हती.

म्हणजे विश्वास ठेवला की काहीही करायला मोकळे?

हाच प्रश्न पौलालाही विचारला गेला होता. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय त्याच्या उत्तराने सुरू होतो : कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? कधीच नाही.

लूथरने याकोबाचं पत्र बायबलमधून काढून टाकलं का?

काढलं नाही. 1522 च्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत या जर्मन धर्मसुधारकाने त्याला गवताचं पत्र म्हटलं आणि शेवटच्या चार पुस्तकांत ढकललं, हे खरं. रोमकरांस 3:28 मध्ये त्याने मूळ ग्रीकमध्ये नसलेला "केवळ" हा शब्द घातला, हेही खरं. त्याचं समर्थन त्याने 1530 मध्ये केलं : चांगल्या जर्मनमध्ये तसंच बोलतात आणि पौलाचा अर्थही तोच आहे. योगायोग असा की अख्ख्या नव्या करारात "केवळ विश्वासाने" हे शब्द एकदाच येतात, तेही याकोबाच्या पत्रात, आणि नकारासह.

पण लूथर असा का बोलत होता ते समजून घ्या. 1517 मध्ये रोमच्या संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी जर्मनीत क्षमापत्रं विकली जात होती. गरीब माणूस मेलेल्या आईची शिक्षा कमी व्हावी म्हणून पैसे मोजत होता. त्या माणसाला सोडवायचं होतं म्हणून त्याने "केवळ" वर इतका जोर दिला. त्याच 1522 साली रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलं की विश्वास ही जिवंत, सतत कामात असलेली गोष्ट आहे, चांगली कृत्यं करू का असं ती विचारत बसत नाही, विचारण्याआधीच ती करून मोकळी होते. याकोबाने याहून वेगळं काय सांगितलं असतं? त्या पत्राबद्दल लूथर चुकला, असं मी लूथरला मान देऊनच म्हणते.

कॅथलिक लोक कृत्यांनी तारण कमावतात ना?

नाही. प्रोटेस्टंट घरांत हे इतक्या सहज बोललं जातं की मला वाईट वाटतं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 13 जानेवारी 1547 रोजी नीतिमान ठरण्याविषयी जो निर्णय दिला, त्याचा पहिलाच नियम सांगतो की ख्रिस्ताच्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कृत्यांनी नीतिमान ठरू शकतो असं म्हणणारा शापित असो. "केवळ विश्वास" या शिकवणीला त्याच परिषदेने नवव्या नियमात नकार दिला, म्हणून भेद खरा आहे. कॅथलिक शिकवणीत देव माणसाला नुसता नीतिमान ठरवत नाही, आतून तसा घडवतोही. त्या घडण्यात माणूस कृपेच्या बळावर साथ देतो, आणि प्रीतीने पूर्ण झालेला विश्वासच तारतो. लूथरनांच्या, म्हणजे लूथरची शिकवण मानणाऱ्यांच्या, मते देवाचा स्वीकार आधी आणि पूर्ण आहे, आणि घडणं त्याच्या मागोमाग येतं.

31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, असं दोघांनी मिळून म्हटलं. प्रोटेस्टंटांपैकी मेथडिस्ट मंडळ्या 2006 मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्या 2017 मध्ये त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटले असा दावा कोणी केला नाही, पण चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचे शाप आजच्या जोडीदाराला लागू नाहीत हे मान्य झालं. कॅथलिक सासरी गेलेल्या त्या मुलीला मी हे घोषणापत्र वाचायला दिलं होतं.

ऑर्थोडॉक्स काय मानतात?

त्यांच्यात आपापसात हा वाद या शब्दांत फारसा झाला नाही. तारण म्हणजे देवाच्या जीवनात हळूहळू सहभागी होत जाणं, आणि त्यात देवाची कृपा आणि माणसाची साथ दोन्ही एकत्र चालतात.

वधस्तंभावरच्या चोराने कोणती कृत्यं केली होती?

हात खिळलेले होते, करायला काही उरलं नव्हतं. तरी "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे त्यालाच सांगितलं गेलं. कृपा कशी असते ते पाहायला याहून स्पष्ट जागा शुभवर्तमानात नाही. पण लूकाचंच 23 वं अध्याय नीट वाचा : उरलेल्या थोड्या श्वासांत त्याने दुसऱ्या चोराला आवरलं, स्वतःचा अपराध कबूल केला आणि येशू निर्दोष आहे हे सांगितलं. तोंड मोकळं होतं, तर विश्वासाने तेवढं काम त्याच्याकडून करून घेतलं.

दान देणाऱ्यांची नावं आणि रकमा उपासनेत वाचून दाखवणं योग्य आहे का?

माझं उत्तर स्पष्ट आहे : नाही. हिशेब चोख हवा, तो वार्षिक सभेत मांडलाच पाहिजे. पण एका मंडळीत मी सुगीच्या सणाला बसले होते. व्यासपीठावरून यादी वाचली गेली, अमुक पाच हजार, अमुक दोन हजार. माझ्या पुढच्या बाकावर एक बाई होती, तिच्या पिशवीत किलोभर बाजरी असावी. यादी संपेपर्यंत ती पिशवी तिने पायाने बाकाखाली सरकवली होती. नंतर वेदीपाशी अर्पणं नेताना ती उठलीच नाही. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायातली ती सभा मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली.

येशू डोंगरावरील प्रवचनात आधी सांगतो की तुमची सत्कृत्यं लोकांनी पाहून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं, आणि पुढच्याच अध्यायात सांगतो की दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. दोन्हीत विरोध नाही. लोकांनी पाहून गौरव कोणाचं करावं, एवढाच प्रश्न आहे.

सेवाकार्य हे धर्मांतरासाठीचं आमिष नाही का?

जिथे अन्नाच्या किंवा औषधाच्या बदल्यात बाप्तिस्मा मागितला गेला असेल तिथे ते चूकच, आणि आमच्याच शिकवणीविरुद्ध चूक. कृपा फुकट आहे असं सांगणाऱ्याने भाकरीला अट लावली तर त्याने स्वतःचंच सुवार्तेचं वाक्य खोडलं. मत्तयाच्या 25 व्या अध्यायात भुकेल्याला खाऊ घालणाऱ्यांना आपण राजाचीच सेवा करत होतो हे माहीतसुद्धा नव्हतं. कोणताही हिशेब मनात न ठेवता त्यांनी ते केलं होतं.

ख्रिस्ती नसलेल्या पण चांगलं वागणाऱ्या माणसांचं काय?

न्याय करणारी मी नाही. पौल रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नियमशास्त्र हाती नसलेल्या विदेश्यांच्या अंतःकरणावर नियम लिहिलेला असल्याचं म्हणतो, आणि मत्तय 25 मधल्या मेंढरांना, म्हणजे राजाने उजवीकडे घेतलेल्या माणसांना, आश्चर्य वाटतं. ते देवावर सोडून मी शेजाऱ्याच्या चांगुलपणाबद्दल आभार मानते.

माझी आई चार वर्षं अंथरुणाला खिळून आहे. तिच्या हातून आता काहीच होत नाही. तिच्या विश्वासाचं काय?

हा प्रश्न मला एका मुलाने दारात उभं राहून विचारला होता, आणि सगळ्या प्रश्नांत मला तोच सर्वांत मोठा वाटतो. आईचं तारण तिच्या हातांवर कधीच अवलंबून नव्हतं. ती भाकऱ्या थापून पंधरा माणसांना जेवू घालत होती तेव्हाही नव्हतं, आणि आज तिला पाणी दुसऱ्याने पाजावं लागतं तेव्हाही नाही. "केवळ कृपेने" हे शब्द तिच्यासाठीच आहेत.

आणि तुम्ही तिची कूस बदलता, पाठीला पावडर लावता, चादर ओढून घेता. याकोबाला "क्रिया" हा शब्द वापरताना डोळ्यांसमोर असंच काही दिसत असावं, असं मला वाटतं. तिने हात पुढे करून ती सेवा घ्यावी, हेही तिच्यासाठी सोपं नसतं.

वाचायला सुरुवात कुठून करू?

याकोबाच्या पत्रापासून. पाच अध्याय, 108 वचनं, अर्ध्या तासात संपतं, आणि मोठ्याने वाचलं तर जास्त कळतं. दुसऱ्या दिवशी गलतीकरांस पत्र, सहा अध्याय. पाचव्या अध्यायाच्या सहाव्या वचनापाशी जरा थांबा, तिथे पौल प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाबद्दल बोलतो. मग लूकाच्या 19 व्या अध्यायातला जकातदार जक्कय वाचा. येशू त्याच्या घरी आधी जातो, आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेल्यांना चौपट, हे जक्कय नंतर उभा राहून सांगतो.